अर्धं पोतं

रविवार पेठेत पंचवीस किलोचं पोतं उचललं
तर सोना मसुरी बावन्न रुपये किलो,
आमच्या वडगावात सुटी घेतली तर अठ्ठावन्न.
माझ्या घरात खाणारी तिघं.
पंचवीस किलो आणून ठेवणं म्हणजे टोके पाळणं.
निंगव्वाच्या घरातही तिघंच,
म्हणून पोतं एक, घरं दोन.

दर महिन्याच्या दहा तारखेला बस.
बायकांना कंडक्टर शून्याचं तिकीट देतो,
पोत्याकडे मात्र बोट दाखवतो, "लगेज?"
तेव्हा निंगव्वा पोत्यावर पदर पसरून बसते,
मांडीवर तापानं झोपलेलं पोर असावं तशी.
शून्याची तिकिटं मी टाकत नाही.
पाठ कोरी असते त्यांची,
पुढच्या महिन्याची यादी मावते:
तूर, गूळ, मोहरी, धुण्याचा साबण,
आणि परवडलं तर, असं लिहून, शेंगदाणे.

भाव कुणी करायचा ते ठरलेलं.
दुकानदार कन्नड असला की ती:
"कडिमी माडरी अण्णा, दर तिंगळा बरतेवी."
मराठी असला की मी:
"दर महिन्याला येतो की ओ आम्ही."
मारवाडी असला तर दोघीही गप्प,
आणि पोत्याकडे असं बघायचं
की जसं काही आम्हाला नकोच आहे ते.
हे सगळ्यांत स्वस्त पडतं.

वाटणी तिच्या परड्यात.
तिच्या सासूचं पितळी मापटं, एका बाजूनं चेपलेलं.
ती मोजायची ओंद, एरड, मूर.
मी मनात एक, दोन, तीन.
दहाच्या पुढं कुठंतरी पाय अडकायचा.
एकदा मी हन्नोंद म्हणाले, तिनं बारा म्हटलं,
आणि कुणाकडे किती गेलं तेच कळेना.
पुन्हा सगळं ओतून पहिल्यापासून.
शेवटची मूठ कुणी घ्यायची नाही.
"तू ने." "नी तगो."
तिच्या कोंबडीला हा वाद पाठ होता,
नवव्या मापट्यालाच येऊन उभी राहायची.

फेब्रुवारीत निंगव्वाच्या नवऱ्याला
धारवाडच्या एका कॉलेजात वॉचमनची नोकरी लागली.
मापटं तिनं नेलं.
कोंबडी मला देत होती, फुकट.
मीच नको म्हटलं. दाण्याचा खर्च.

आता मी पाच पाच किलो आणते, अठ्ठावन्ननं.
सातेरी मागावरून उठून जेवायला येतात, म्हणतात,
पलीकडच्या यशोदेला विचार की,
तिला काय तांदूळ लागत नाही?
विचारलं.
ती मोबाइलवर मागवते, दारात येतो.
"वयनी, कशाला बशीतनं वझं वडूलालीस?"
खरं आहे तिचंही.

वहीत मी तांदळापुढे दोन आकडे लिहिते,
दिलेले, आणि दिले असते ते.
साडेबारा गुणिले सहा, पंच्याहत्तर.
आठवड्याचं दूध जवळजवळ.
बेरजेत हे कुठं धरायचं ते माहीत नाही,
म्हणून समासात लिहिते, पेन्सिलीनं.

परवा तिचा फोन आला.
बोलायला पैसे पडत नाहीत आता, रिचार्जमध्येच असतं,
तरी पहिली पाच मिनिटं नुसते भाव.
तेल किती झालं, धारवाडात कोथिंबीर कशी,
गॅस किती दिवस पुरला.
मग म्हणाली, तांदूळ कसा घेतलीस?
माझं अडतंय असं तिला वाटू नये,
म्हणून मी म्हटलं, "बावन्न."

ती थांबली.
मग हळूच विचारलं, "यार जोडी?"
कुणाबरोबर.

फोन फुकटच होता.
आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.