अजून गढूळ आहे

सतरा वर्षं या दालनात
मी एकाच वाक्याचा पगार घेतला:
हात लावू नये.

मग आल्टोनाच्या शाळेतली नववीची पोरं आली,
विब्के, नेसरिन आणि सारखा शिंकणारा त्यार्क,
वाळूची पोती ओढत, जिनाभर सांडत,
आणि काचेच्या उंच नळकांड्यावर
त्यांनी पाटी चिकटवली:
हात लावा. नदीचं पाणी ओता.

मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

तळाशी गोटे, वर खडी, त्यावर हातभर वाळू.
शेजारच्या नकाशावर नेसरिनने ताणलेला लाल दोरा:
अठराशे ब्याण्णवचा ऑगस्ट,
एक रस्ता, दोन शहरं.
अलीकडच्या फुटपाथवर हॅम्बुर्ग,
एल्बेचं वरच्या अंगाचं पाणी जसंच्या तसं पिणारं
(नळातून कधी कधी बारीक मासेही यायचे म्हणे).
पलीकडे आल्टोना,
हॅम्बुर्गची सगळी घाण पोटात घेऊन
खाली आलेली तीच नदी पिणारं,
पण वाळूतून.
अलीकडे पटकी माजघरापर्यंत गेली,
पलीकडे बहुतेक उंबऱ्यांशीच अडखळली.

हॅम्बुर्गच्या सभागृहात तेव्हा वर्षानुवर्षं
एकच चर्चा:
गाळणी हवी, मान्य,
पण पैसे कुणाच्या खिशातून?
कुठेतरी पाणी मुरत होतं.
वाळूत तेवढं मुरत नव्हतं.

पोरांनी सहा आठवडे रोज पाणी घातलं.
वाळू एकटी फार काही करत नाही, विब्के मला सांगायची,
वर साय धरावी लागते.
हिरवट, बुळबुळीत, जिवंत साय.
तीच जंतूंना अडवते, तीच खाते.
मी मान डोलवायचो.
नाकाला रुमाल असायचा.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी
त्यार्क एकटाच मागे थांबला.
महापौरांच्या ऑफिसातून माणसं येणार,
आणि काचेत हे असलं शेवाळ!
त्याने चमच्याने सगळं खरवडलं,
वरचा थर धुऊन काढला,
काच वर्तमानपत्राने पुसून लखलखीत केली.
मी दिवे घालवत होतो.
शाबास, म्हणालो त्याला.

सकाळी खालच्या तोटीतून
चहासारखं पाणी आलं.
विब्के ओरडली ते तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलं.
त्यार्क कोटांच्या खोलीत जाऊन बसला.
त्यांच्या बाई, फ्राउ ल्यूर्स, म्हणाल्या,
कापड टाका यावर, पाहुणे दारात आहेत.

नेसरिनने कापड घेतलं नाही.
तिने मार्कर घेतला.

अजून गढूळ आहे.
साय म्हणजे मळ असं वाटून
काल आम्हीच ती काढून टाकली.
पिऊ नका. काही आठवड्यांनी या.

त्या दिवशी लोक सगळ्यात जास्त वेळ
तिथेच उभे राहिले.
एक म्हातारे गृहस्थ पाटी दोनदा वाचून म्हणाले,
असली पाटी सभागृहाबाहेर लावायला हवी होती,
त्या वेळी.
नेसरिन म्हणाली, तेव्हाच का?

त्यार्क बाहेर आला. शिंकला.
मी त्याला सांगितलं नाही
की ते शाबास माझं होतं, त्यातला निम्मा चमचा माझा.
सांगायला हवं होतं.

आता पोरांच्या परीक्षा चालू आहेत.
दालनात कुणी नसतं.
दार उघडण्याआधी, आठला,
मी एक जग पाणी ओततो, हळू,
वाळू हलणार नाही असं.
पाण्याने माणूस जोखतात म्हणतात;
मी रोज उलटं करून बघतो.
तोटीखाली पेला भरतो
आणि पोरांनी जमवलेल्या नावांचा कागद
त्याच्या मागे धरतो,
बारीक अक्षरातला,
नाव, धंदा, वय.

नवव्या दिवशी नुसती करडी रेघ.
चौदाव्या दिवशी कुठे अक्षरं आहेत एवढं कळलं.
काचेच्या आत, वाळूवर, काहीतरी हिरवट धरतंय.
मी पुसत नाही.

आज सकाळी पेल्यातून
'धोबीण' एवढं वाचता आलं.
वय अजून पुसट आहे.