शेऱ्याचा रकाना

आठ क्रमांकाचा ढीग मिओम्बोच्या बुंध्याशी,
लाल फीत बांधलेल्या काठीपासून चार पावलं.
दर मंगळवारी आम्ही त्याची हजेरी घेतो:
मी, लुइटिको, आणि बंदूक घेतलेले म्झे किह्वेले,
जे एकवीस वर्षं या रानात आहेत
आणि ज्यांना अजून कळलेलं नाही
की हत्तीची लीद किती दिवसांत मातीला मिळते
हे विद्यापीठाला का कळायला हवं.

मी सांगून पाहिलं.
हत्ती दिसत नाहीत, ढीग दिसतात.
ढीग मोजायचे,
एक ढीग जितके दिवस टिकतो त्यानं भागायचं,
हत्ती दिवसातून किती वेळा बसतो, त्यानंही.
उरतात ते हत्ती.
ते म्हणाले, "मुली, एकदा पहाटे पाणवठ्यावर ये.
तिथे भागाकार लागत नाही."

मोरोगोरोला, वर्गात, सगळं स्वच्छ असतं.
फळ्यावर एक रेघ उलुगुरूच्या डोंगरासारखी चढते
आणि मग दमल्यासारखी आडवी होते.
चेंगुला बाई खडू झटकून म्हणतात,
"इथवर. यापुढे जमिनीला सोसत नाही."
आम्ही उतरवून घेतो. चार गुणांना येतं.

आई फोनवर विचारते, काय शिकवतात?
वन्यजीव व्यवस्थापन.
"म्हणजे?"
म्हणजे आज मी बावीस ढीग पाहिले, आई.
पलीकडे बराच वेळ फक्त कोंबड्या.
मग, "दोन गायी विकल्यात मी."

ऑक्टोबरच्या अखेरीस तिच्या स्वयंपाकघराची भिंत पडली.
आमचं घर उद्यानाच्या हद्दीपासून एका हाकेवर.
तो एकटाच होता, डावा सुळा तुटलेला.
बाहेरची तूर त्यानं हुंगलीसुद्धा नाही.
सोंड आत घातली
आणि चुलीवर धुरात टांगलेली बियाण्याची कणसं
एकेक करून सगळी ओढली.
तांबड्या ठिपक्यांचा मका,
लग्नानंतर माहेराहून तिनं कांगाच्या गाठीत बांधून आणलेला.
भरपाईच्या अर्जात घर होतं, पीक होतं, माणूस होता.
बियाणं कुठे लिहायचं
ते कारकुनालाही ठाऊक नव्हतं.
मी तिला समजावलं, वर्गातल्या भाषेत.
तिनं फोन ठेवला.

आठ क्रमांक, आठवडा चौथा.
अवस्था क. गोळे फुटलेले, वास गेलेला,
वरून शेणकिड्यांनी पोखरलं, खालून वाळवीनं.
आणि मधोमध
पाच कोंब.
मी गुडघ्यांवर बसले, काडीनं उकरलं.
एक दाणा रुजायचा राहिला होता.
थुंकी लावून पुसला.
तांबडे ठिपके.

लुइटिको म्हणाला, नियमानं उपटायला हवेत,
इथे शेतातलं पीक परकं.
म्झे किह्वेले म्हणाले, माझं लक्ष तिकडे आहे,
आणि खरंच पाठ फिरवून उभे राहिले
त्से-त्से माश्या मानेवर घेत.

क्रमांक. तारीख. अवस्था. पाऊस, मिलिमीटर.
शेवटी शेरा, नखाएवढा.
मी उपटलं नाही. लिहिलंही नाही.
दाणा मोज्यात सरकवला.
उद्यानातून पीससुद्धा उचलायचं नसतं,
पहिल्या सत्रातच पाठ केलंय हे मी.

रात्री वसतिगृहाच्या जिन्यात रेंज मिळाली.
सगळं सांगितलं.
वाटलं रडेल, नाहीतर हत्तीचा उद्धार करेल.
"किती आलेत?"
पाच.
"एकाच जागी?"
एकाच ढिगात.
"मग दोन ठेव, बाकीचे काढ.
पाचही वाढू दिलेस
तर एकालाही कणीस धरायचं नाही."
थोड्या वेळानं, आवाज उतरवून,
"तोच ना गं? तुटक्या सुळ्याचा?"
लिदीवरून सुळा कळत नाही, आई.
"एवढं शिकून?" ती म्हणाली.