समुद्र डाव्या हाताला

रस्ता चुकायची भीती नाही, टॉर्क्विल म्हणाला,
समुद्र डाव्या हाताला ठेवायचा
आणि तो परत धक्क्यावर आणून सोडेपर्यंत
पायडल मारत राहायचं.

एकशे सदतीस मैल, दोन दिवस,
आम्ही अकरा जण,
त्यातले सात पन्नाशीच्या पुढचे,
पोस्टमनच्या तर गुडघ्यात स्टीलची वाटी.
माझी सायकल शाळेच्या स्वयंपाकघरामागे
सहा वर्षं पावसात उभी होती.
टॉर्क्विलने तिला तेल पाजलं.
मला कुणी पाजलं नाही.

डबे मात्र नवे होते, पिवळेधमक,
झाकणाला फट,
वर ठळक अक्षरांत: बेटाला हवं डायलिसिसचं मशीन.

माझा भाऊ रुअरी
मंगळ, गुरू, शनि
सहाची बोट धरतो.
वारा सुटला की बोट नसते,
बोट नसली की रुअरी पाणी मोजून पितो,
कपावर पेन्सिलीने रेघ मारतो
आणि खिडकीशी बसतो,
जिकडे बघावं तिकडे पाणी.

पहिल्या चढाला सगळ्यांची बडबड थांबली.
दुसऱ्याला मी उतरले.
तिसरा चढ आहे हे मी मान्यच केलं नाही,
पुढच्या चाकाकडे बघत राहिले,
चाकाला कुठे ठाऊक असतं
डोंगर केवढा आहे.
रस्त्याच्या मधोमध मेंढ्या बसलेल्या,
घंटी वाजवली तर
एकीने नुसतं तोंड फिरवलं.

एफी मॅक्फेल, वय एकोणनव्वद,
फाटकात खुर्ची टाकून आमची वाट बघत होती.
आधी पैसे टाकले, मग विचारलं, कशासाठी?
सांगितलं.
तिने डबा परत मागून घेतला
आणि आत जाऊन आणखी घेऊन आली.
आमचा इवान आजाराने नाही गेला, म्हणाली,
बोटीच्या वेळापत्रकाने गेला.

पुढच्या वाडीवरच्या मेंढपाळाकडे रोकड नव्हती,
त्याने एक मेंढा लिहून दिला.
तो मेंढा धरायचा कुणी
या वादात चार मैल कसे सरले कळलं नाही.

पश्चिमेच्या किनाऱ्यावर वारा.
देणगी वगैरे त्याला समजत नाही.
उतारावरसुद्धा पायडल मारावं लागलं,
आणि पोस्टमन, जो चाळीस वर्षांत
चर्चमध्येही देवाशी बोलला नव्हता,
मोठमोठ्याने बोलू लागला.

रात्री चर्चच्या हॉलमध्ये
हीटरवर बावीस मोजे,
जमिनीवर नाण्यांच्या चळती,
एका डब्यात कोटाचं बटण
आणि एक ओली चिठ्ठी,
शाई पसरलेली, वाचता आली नाही.
ती कुणी फेकली नाही.

सकाळी धुकं.
डोंगर गेला, रस्ता गेला,
पुढच्याचा लाल दिवा तेवढा राहिला.
समुद्र दिसत नव्हता,
नुसता ऐकू येत होता डावीकडून,
बारीक, न थांबता,
रुअरीच्या हातासारखा.

त्याच्या डाव्या हातात डॉक्टरांनी
शीर धमनीला जोडली आहे.
तळवा टेकवला तर आत काहीतरी घरघरतं,
लांबच्या बोटीच्या इंजिनासारखं.
तो कुणाला हात लावू देत नाही.
एकदा माझ्या नातवाला लावू दिला होता,
नातू म्हणाला, मामाआजोबा चालू आहेत.

संध्याकाळी धक्क्यावर पोचलो
तेव्हा शनिवारची बोट नुकतीच लागली होती.
टाळ्या आमच्यासाठी होत्या.
त्यांतून वाट काढत रुअरी आला,
राखेच्या रंगाचा, पिशवी काखेत.

किती झाले?
मशीनच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे.
आणि एक मेंढा.

तो हसला, मग माझ्या गुडघ्यांकडे बघून म्हणाला,
उतरून चाललीस ना?
दोनदा.
मलाही वाटतं कधीकधी, उतरावं,
एवढंच म्हणाला
आणि माझी सायकल धरायला
हात पुढे केला. डावा.

त्या हातावर भार टाकायचा नसतो,
दोघांनाही ठाऊक.
मी भार टाकला नाही.
नुसता तळवा ठेवला,
आणि पाय जमिनीला लागले
तरी काढला नाही.