मेध

ट्रेगॅरॉनमध्ये माणसाच्या नावाला धंदा चिकटतो:
हिव दूधवाला, मेरियन टपालवाली.
मी शालन गोळ्यावाली.
एकोणीस वर्षं झाली, आडनाव आता विचारत नाही कुणी.

एलुनेद प्रॉथेरो महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येते
साखरेच्या गोळ्या न्यायला. साखर उतरवायच्या, म्हणजे.
बोटांना धुराचा वास,
बाहीत एखादी मेलेली माशी.
मी तिला एकदा म्हटलं,
माझ्या भाषेत तुझ्या दुखण्याच्या नावातच मध आहे.
मधुमेह.
तिनं तो शब्द खडीसाखरेसारखा गालात धरला
आणि म्हणाली, म्हणजे तुझ्या भाषेत मी आधीपासूनच आहे की.

त्याच दिवशी तिनं मला तिचा शब्द दिला.
मेध.
असा नाही. जीभ दातांमधे धर,
आणि ध जमिनीला टेकू देऊ नकोस.
मेध म्हणजे मधाची दारू.
मध पाण्यात सोडायचा
आणि वाट बघायची.

खुद्द मधाला तिच्याकडे शब्द वेगळा: मेल.
नशेनं जुनं घर ठेवून घेतलं,
मध भाड्यानं दुसरीकडे राहायला गेला.
आमच्याकडे उलटं.
आमच्या मधातली नशा कधी उतरली
कुणाला कळलंसुद्धा नाही.
उरला तो आल्याच्या रसात कालवायचा,
तान्ह्याच्या जिभेला लावायचा
(लावू नका, मी इथे रोज सांगते)
आणि निवडणुकीत बोटावरचा.

पिशवी उचलता उचलता ती म्हणाली,
मेधचा अजून एक अर्थ आहे.
म्हणे.
उद्या बर्फ पडणार, मेध रेडिओ.
मला जमणार नाही, मेध माझी बहीण.
एकच शब्द?
एकच. लिहितानाही फरक नाही.
मी काउंटरवर हात टेकून उभी राहिले.
अभंगाच्या शेवटच्या ओळीत येणारा म्हणे,
शेजारणीच्या तोंडी अर्धा खरा असणारा म्हणे,
इथे बाटलीत भरून ठेवतात.

ऑक्टोबरात तिचा भाऊ गेला. इमलिन.
मी तिला गाडीतून टेकडीवर नेलं,
कारण मधमाश्यांना सांगावं लागतं.
घरातलं माणूस गेलेलं त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं
तर त्या पेटी सोडून जातात.
हेदर केव्हाच विटलेलं. खाली लाल दलदल,
वारा असा की डोळ्यांतलं पाणी कशाचं ते ठरवता येऊ नये.
घराच्या किल्लीनं पेटीवर टकटक,
मग वाकून दोन वाक्यं.
अशा सहा पेट्या.
सातव्या पेटीपाशी तिनं किल्ली माझ्या हातात दिली.

कुठल्या भाषेत?
त्यांना काय त्याचं.

मी वाकले. लाकूड कोमट होतं.
आत कुणीतरी दूरवर पोथी वाचत असल्यासारखा आवाज.
मी म्हटलं, इमलिन गेला, म्हणे.

म्हणे कुठून आलं, माहीत नाही.
मी त्याला बघितला होता,
नाकाखाली आरसा धरलेला मीच.
पण तोंडातून तेच गेलं,
जणू बातमी अजून पक्की नाही,
जणू मी नुसती निरोप्या.

शेवटचा शब्द काय होता? तिनं विचारलं.
मेध, मी म्हटलं.
ती पेटीच्या झाकणावर हात ठेवून बराच वेळ
हसत होती बहुतेक.

बाटली दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरात आली.
इमलिननं काढलेल्या शेवटच्या मधाची. चिठ्ठी नाही, नाव नाही.
दुकान बंद करून मी औषधाच्या मापात ओतली.
गोड नव्हतीच.
गोड सगळं कुणीतरी खाऊन टाकलेलं,
मागे धूर, थोडं मेण,
आणि घशात उशिरा येणारं काहीतरी.

मी तिला फोन लावला,
आणि रिंग वाजताना आठवलं,
तिच्या गोळ्यांवर मीच लाल चिठ्ठी चिकटवते: दारू वर्ज्य.

माहीत आहे, ती म्हणाली.
मला चालत नाही.
तू पी,
आणि मला सांग.