काट्याचं तोंड

ऑक्टोबरात आमच्या गावाला बीटाचा वास येतो,
उकडलेला, गोडसर, तळाशी थोडा कुजका.
नीस्त्र नदीच्या धुक्याला येतो. पावाला येतो.
साखर कारखाना त्याचा,
कारखान्याला कर्ज देणारी बँक त्याची,
बँकेवर खटला झालाच तर न्यायाधीश त्याचा साडू,
आणि रात्री आठला हे सगळं किती छान चाललंय
ते सांगणारी वाहिनीही त्याचीच.
नाव कुणी घेत नाही. ‘वरचा’ म्हणतात,
गारपिटीबद्दल बोलावं तसं, खांदे उडवून.

मी पारास्कोविया. सहावीला अपूर्णांक शिकवते, तेवीस वर्षं.
मतदान केंद्राची सचिव झाले, कारण मुख्याध्यापक म्हणाले,
तुमचं अक्षर वळणदार आहे.

मोजणी शाळेच्या व्यायामशाळेत.
चढायचे दोर छताशी गुंडाळलेले.
पेटीतून निघालेल्या मतपत्रिका: आठशे बारा.
बाद: एकोणीस. त्यातल्या एकीवर शिक्काच नाही,
नुसतं पेन्सिलीनं, ‘आमचा रस्ता?’
वरच्याचा माणूस: तीनशे एक्केचाळीस.
गुरांची डॉक्टर येफ्रोसिनिया: चारशे बावन्न.

मी पुन्हा बेरीज केली. मग अजून एकदा,
चुकली असती तर बरं, अशा आशेनं.

केंद्रप्रमुख अफानासी. माझाच विद्यार्थी,
कारखान्याच्या वजनकाट्यावर असतो.
फोन खिशात ठेवत म्हणाला, बाई,
दोन आकडे फक्त जागा बदलतील.
बेरीज तीच राहते. तुम्हीच शिकवलंत.
आणि थोड्या वेळानं, खरंच काळजीनं,
‘इलारियोन अजून बॉयलरवरच आहे ना?’
इलारियोन माझा मुलगा.

मी लिहिलं.
वळणदार अक्षरात. शाई फुटू दिली नाही.

पुढचं भराभर घडलं. वरचा गेला,
एका रात्री, विमानानं, कुत्र्यांसकट.
राजधानीच्या चौकात लोक नाचले,
मी टीव्हीसमोर उभी, हातात लाटणं तसंच.
वसंतात नवे लोक आले. कोट हलके, बूट साधे.
अफानासीला आता त्यांचा फोन येतो.
नंबर वेगळा, खिसा तोच.

पुन्हा बीट निघालं तेव्हा चौकशी समिती आली.
मी न बोलावता गेले.
मधला तरुण वकील मऊ आवाजात म्हणाला,
तुम्ही त्या रात्री धीर दाखवला असता तर...
तर काय, पोरा?
धीर मी दाखवायचा, आणि बॉयलरजवळ कुणी उभं राहायचं?
रोज शूर माणूस लागतो
ते राज्य नव्हे, ती आग आहे.
मला असा कागद द्या
ज्यावर भित्र्या बाईलाही चारशे बावन्न लिहिता येईल.
एक प्रत तिथल्या तिथे दाराला ठोका, तालुक्याची गाडी यायच्या आत.
न्यायाधीश नेमताना साडू-मेव्हणे मोजा.
वाहिनी कुणाची ते बातमीखाली लिहा, मोठ्या अक्षरात,
आणि हो, उद्या तुमची झाली तर तेही.
तो लिहून घेत होता.
शेवटच्या वाक्याला पेन थांबलं.

परतताना कारखान्यावरून आले. ट्रॅक्टरांची रांग.
काट्याची तबकडी अजून खोलीकडे तोंड करून,
अफानासी आतून आकडा ओरडतो,
बाहेरचे मान डोलावतात.
गाडीमागे चाळीस किलो माती म्हणून कापतो,
माती नसली तरी.

मी खिडकीवर टकटक केलं.
अफानासी, या तबकडीला नट किती?
चार, बाई.
मग फिरव. बाहेरच्यांना दिसू दे.

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.
मग ड्रॉवर उघडून पाना शोधू लागला,
किंवा शोधल्यासारखं करू लागला.
रांगेतल्या पहिल्या ट्रॅक्टरवाल्यानं
इंजिन बंद केलं.
मग त्याच्या मागच्यानं.