मागील थकबाकी : निरंक

दर महिन्याच्या सात-आठ तारखेला
मी गोबरवाही बाजूची गावं करतो.
घर, मीटर, फोटो. घर, मीटर, फोटो.
कुत्रं ओळखीचं झालं की अर्धं काम झालं.

हिवराज कटरेचा मीटर पडवीत,
काचेमागं एक पाल कायमची.
चार वर्षं साठ-पासष्ट युनिट,
कूलरच्या दिवसात नव्वद.
या पौषात एकशे एकाहत्तर.

मला वाटलं, मीटर पळतोय.
वाटलं, शेगडी लावली असेल कुणी.
शंभराच्या वर दर बदलतो, मी म्हटलं,
माहीत आहे ना?
"हाय ना मालूम. या आत. चप्पल राहू द्या,
अंदर देव नाही, कॉम्प्युटर हाय."

पोरीच्या टायपिंगसाठी तुमसरहून आणलेला, सेकंडहँड.
पोरगी लग्न होऊन बालाघाटला गेली,
हा राहिला.
एका बाजूचा पत्रा काढून ठेवलेला,
समोर टेबलफॅन, भर थंडीत,
आणि पडद्यावर आकडे,
खालून वर, खालून वर.

"आकडा शोधून रायलो."
कोणता?
"मालूम असता तं शोधला असता का?"

मग समजावलं त्यानं, पाटावर बसवून:
सेकंदाला दीड कोटी वेळा हा अंदाज मारते.
लागला तं कॉइन.
जगात लोकायनं गोदामंच्या गोदामं भरून मशीन लावले,
टोळ्या करून वाटून खातेत.
"माया एकटा हाय.
लागला तं अख्खा माया.
नाही लागला तं
नाही, तेही अख्खं माया."

कधी लागेल?
त्यानं कॅलेंडर उलटवलं.
मागं, दुधाच्या हिशेबाखाली,
पेन्सिलीनं केलेला भागाकार:
नव्वद कोटी वर्षं.
"अंदाजे," तो म्हणाला,
आणि तो शब्द फार जपून ठेवला खाली.

त्याचा बाप चिखल्याच्या खाणीत होता, मँगनीजच्या.
संध्याकाळी ढिगाला पट्टी लावून पैसे.
हात काळे, नखं काळी,
पण किती खणलं ते खड्ड्यात उतरून बघता यायचं.

"इथं खड्डाच पडत नाही, साहेब.
काल जेवढा दूर होतो, आज तेवढाच दूर.
सालभर चालवा, तेवढाच."
मग वाईट नाही वाटत?
तो हसला. माझ्या हातातल्या यंत्राकडं बोट केलं.
"तुमच्या बिलात मागची बाकी पुढं येते.
इथं येत नाही.
हरलेलं कोनी लिहून ठेवत नाही.
दर खेपेस पहिलीच खेप."

सतरा वर्षं मी लोकांना त्यांची मागची बाकी
मोठ्यानं वाचून दाखवतोय, उंबऱ्याबाहेर उभा राहून.
मला काही बोलता आलं नाही.

फुलवंताबाई आल्या, वाकल्या,
कॉम्प्युटरच्या मागून, गरम हवा येते तिथून,
फडक्यात गुंडाळलेलं गाडगं काढलं.
"पुसात विरजन लागतच नाही कुठं.
याच्याजवळ ठेवलं की लागते."
वाटीत दही वाढलं मला. साखर विचारली.
सुरीनं कापावं असं दही.
एकशे एकाहत्तर वजा साठ, गुणिले नवा दर,
मी मनात मांडलं,
आणि मग चमचा चाटून मोडलं.

तेवढ्यात लाईट गेली.
पंखा दोन गिरक्या फिरून थांबला.
घरात एकदम मागच्या तळ्यावरचे पक्षी ऐकू आले.
हिवराज उठला नाही, शिवी दिली नाही,
कोमट पत्र्यावर हात ठेवून बसून राहिला.
काय गेलं? मी विचारलं.
"काही नाही. जाण्यासारखं काही जमा होत नाही ना."

पुढचं घर बिसेनांचं.
म्हातारी ओट्यावर लाखोळीची भाजी खुडत,
माझ्या खांद्यावरची पिशवी बघून म्हणाली,
लाईट कवा येते रे बापा?

"अंदाजे," मी म्हटलं,
आणि पुढं काही सुचेना.