वीस मिलिमीटर

वेगात असताना मी कधीच पडले नाही,
हे आधी सांगते.
नेफासितच्या उतारावर दाट धुक्यात
पुढची लॉरी नुसत्या घरघरीवरून ओळखत
खाली आले आहे, कितीदा तरी.
वेगात हँडल वळतंच कुठे?
अंग कलतं, आणि सायकल समजून घेते.

पडले ती अस्मारात, घराच्या कोपऱ्यावर,
कॉफीच्या दुकानासमोर,
शेळीसुद्धा पुढे गेली असती इतक्या हळू.
डावीकडे वळलं की चाकाची मागची कड
उजवीकडे येते,
आणि नेमका तेव्हाच माझा उजवा पाय पुढे.
बुटाचं टोक टायरला लागलं, हँडल अडलं,
आणि कुणी पोतं उतरवून ठेवावं
तशी मी रस्त्यावर.
म्हातारे उठून उभे राहिले.
एकाच्याही कपातली कॉफी हिंदकळली नाही.

सायकल भावाची.
तो माझ्याहून वीतभर उंच, आणि आता बोटीवर.
कोच मेंगिस्तेआब म्हणाले, "लुवाम, सगळ्यांचंच लागतं.
सवय कर. वळताना पाय फिरवू नकोस."
केली सवय.
चार वर्षं प्रत्येक वळणाआधी हिशोब:
बाहेरचा पाय खाली, आतला वर, आता वळ.
इतर जणी चौकात कोण उभं आहे ते बघायच्या,
मी माझे अंगठे.
उजव्या बुटाला आईनं दोनदा चामडं लावलं.
आणि चढावर गुडघे छातीशी यायचे,
मला वाटायचं,
आपल्याला दमच कमी.

मेदेबरात, जिथे तेलाच्या पिंपांच्या चुली होतात
आणि दिवसभर पत्रा बोलत असतो,
ओकबाझगींनी सायकलीकडे बघितलंच नाही.
"बूट काढ, भिंतीला पाठ लाव."
हातात एक जाड वही दिली, एक पेन्सिल,
कुठे धरायची ते सांगितलं
आणि स्वतः पाठमोरे उभे राहिले.
मी खूण केली. त्यांनी ती मोजली. पुन्हा मोजली.
"पाय एवढा. आणि क्रँक एकशे सत्तर.
तुझ्या भावालाही एकशे सत्तर, त्या मेंगिस्तेआबलाही.
कारखान्याला एकच माप ठाऊक.
माणसं कमीजास्त करण्याचं काम
देवाकडे होतं."

मग भोक पाडलं, जुन्या भोकाच्या वीस मिलिमीटर अलीकडे.
टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे,
थेंब थेंब तेल.
डाव्या पेडलचे आटे उलटे;
त्यासाठीचा टॅप इटालियन लोकांच्या वेळचा,
लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला.
तो काढताना ते कुणाशी बोलले नाहीत.
शेवटी करवत.
दोन टोकं पडली, मधे भोक असलेली,
गरम.

सीट वीसनं वर घेतली.
म्हणजे वर येणाऱ्या गुडघ्याला चाळीसची सवलत,
हे त्यांनी खडूनं जमिनीवर काढून दाखवलं.
"जोर कमी लागेल. मागे मोठं दातं चढव.
भराभर फिरव, दळण दळल्यासारखं नको."

पहिल्या आठवड्यात पाय वेड्यासारखे गरगरले.
मेंगिस्तेआब हसले, लहान मुलांची सायकल म्हणाले.
दुसऱ्या आठवड्यात चढावर
मी श्वास घेत होते,
आणि मधे कुठेच गुडघा नव्हता.
मला राग आला.
चार वर्षांचा, एकदम, अर्ध्या चढावर,
इतका की वरचं गाव कधी आलं कळलं नाही.

आता सीट उंच,
म्हणून सिग्नलला जमिनीवर नुसता अंगठा टेकतो.
नवे बूट जरा लांब निघाले,
कॉफीच्या दुकानाशी अजून कधी कधी टायरला घासतात,
नखाएवढं.
म्हातारे कप धरून तयारच असतात.
मी टाच दाबते आणि वळते.

त्या दोन टोकांतलं एक किल्लीला लावलंय.
दुसरं भावाला पाठवलं,
चिठ्ठी न लिहिता.
त्यानं बंदरावरून फोन करून विचारलं,
हे कशाचं आहे?
मी म्हटलं, तुझं आहे.